मरळीचं पाणी

मरळ ही दुष्काळी मुलखाची मासळी आहे. कटला, रोहू, मृगळ यांना भरपूर आणि स्वच्छ पाणी लागतं. उन्हाळ्यात तळं आटत आलं की पहाटे ते वर येऊन तोंडाची उघडझाप करतात आणि एखाद्या कोंदट, ढगाळ रात्रीनंतर सकाळी काठाला पांढऱ्या पोटांची रांग लागलेली दिसते. त्या रांगेत मरळ सहसा नसते. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा धरणाऱ्या पोकळ्या असतात. थोड्या थोड्या वेळानं ती वर येते, हवेचा घोट घेते आणि खाली जाते. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागतच नाही. वर येऊ दिलं नाही तर मासा असूनही ती पाण्यात गुदमरते. तळ्याचा चिखल झाला तरी ओल टिकेल तोवर ती त्यात रुतून पावसाची वाट बघू शकते. नगर जिल्ह्यात गळ टाकणाऱ्याला म्हणूनच मरळीइतकी जवळची दुसरी मासळी नाही.

अमेरिकेत बास नावाच्या माशाचं वेड आहे. त्याच्यासाठी तिथल्या लोकांनी रबरी बेडूक, ताठ रॉड, विणलेली दोरी असा सगळा सरंजाम तयार केला. तो आपल्याकडे मरळीवर जसाच्या तसा चालतो, कारण दोघांची शिकार करायची पद्धत एक. गवताच्या आडोशाला दबा धरायचा आणि डोक्यावरून काही सरकलं की खालून उसळी घ्यायची. शेजारच्या तेलंगणानं मरळीला राज्यमासा केलं आहे. महाराष्ट्रानं २०२३ साली तो मान पापलेटला दिला. एवढा मोठा किनारा असलेल्या राज्यानं तसं करावं यात वावगं काही नाही, पण घाटावरच्या माणसाला विचाराल तर मान मरळीचाच.

मुळा धरणाचा फुगवटा, पारनेरचं मांडओहोळ, श्रीगोंद्याचा विसापूर तलाव, शेवगावच्या बाजूचा नाथसागर, ही माझी पाणी. हिवरे बाजारला मात्र मी गळ घेऊन जात नाही. तिथं मी पाणी बघायला जातो, आणि गळाबद्दल मला जे कळलं त्यातलं बरंच तिथं कळलं.

नगरपासून पश्चिमेला, जखणगाव-टाकळी खातगावच्या शिवारांना लागून हे गाव आहे. पाऊस वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आतबाहेर. बहात्तरच्या दुष्काळानंतर डोंगर उघडे पडले आणि माणसं कामाला बाहेर गेली. १९९०च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढं आदर्श गाव योजनेतून डोंगरावर सलग समतल चर, ओढ्यांवर बंधारे, पाझर तलाव अशी कामं गावानं स्वतः राबून केली. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. डोंगरावर आज गवत आहे, झाडं आहेत. पोपटरावांना २०२० साली पद्मश्री मिळाली ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला तिथं थांबायला लावतो तो पाझर तलाव.

पाझर तलाव पाणी साठवून दाखवण्यासाठी नसतो, तो पाणी जमिनीत सोडण्यासाठी असतो. पावसाळ्यानंतर त्याची पातळी रोज थोडी उतरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना तेच पाणी लागतं. गळवाल्याच्या नजरेला हे प्रथम रुचत नाही. भरलेला तलाव डोळ्यांदेखत खाली जाताना बघून जीव हळहळतो. पण हिवऱ्यात उभं राहिलं की कळतं, तलाव उतरतोय म्हणजे तो आपलं काम करतोय. माशाचं पाणी कमी होतं आणि माणसाचं वाढतं. इथल्या कोरडवाहू भागात मासळीला याच हिशेबात बसावं लागतं, आणि मरळ तेवढी त्यात बसते.

हिशेब हा शब्द मी मुद्दाम वापरला. हिवऱ्यात दर वर्षी पाऊस मोजतात आणि पाण्याचा ताळेबंद मांडतात. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतात, मग उरलेल्यावर रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. बोअरच्या पाण्यावर शेती करायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, हे गावानं स्वतःवर घालून घेतलेले नियम आहेत. मी हीच रीत गळासाठी उचलली. आमच्याकडे मृगाचा पाऊस हुलकावणी देतो. तळी खरी भरतात ती उत्तरा-हस्तात. हस्त संपला की किती पाऊस झाला आणि तलावाच्या भिंतीवर पाणी कुठवर चढलं ते मी बघतो. त्यावरून बुडालेलं गवत दिवाळीपर्यंत पाण्यात राहील की संक्रांतीपर्यंत, हे ठरतं. मरळ त्या गवताच्या कडेला असते. गवत उघडं पडलं की ती तिथं नसते, मग तुमचं रीळ कितीही महागाचं असो.

दसऱ्यापासून दिवाळीपुढचे काही आठवडे गळाचे. पाणी निवळलेलं असतं, काठाचा लव्हाळा आणि बेशरमीची झुडपं कमरेएवढ्या पाण्यात उभी असतात, बेडूक आणि चिलापीची पिलं भरपूर असतात. रॉड सात फुटी आणि ताठ हवा, कारण मरळ अडकली की पहिल्या हिसक्याला गवतात शिरते आणि तिथं तिला खेळवत बसायला वाव नसतो. दोरी विणलेली घ्यावी. तंगूस ताणला जातो, गवतावर घासून तुटतो आणि तुटलेला गळ मरळीच्या तोंडात राहतो. बेडूक पोकळ रबराचा, दोन्ही गळ पाठीला चिकटलेले, म्हणजे शेवाळावरून ओढला तरी अडकत नाही. जिवंत बेडूक टोचणारे अजून आहेत. मला ते कधीच मान्य नव्हतं, आणि रबरी बेडकावर मरळ इतकी चांगली येते की त्याची गरजही उरलेली नाही.

बेडूक सरळ पाण्यावर आपटू नये. पलीकडच्या गवतावर टाकावा आणि तिथून हळूच पाण्यात उतरवावा. रॉडचं टोक दोनदा हलवावं, थांबावं. मोकळ्या पाण्याच्या खळग्यात आला की जास्त थांबावं. मग पाणी फुटतं. त्या क्षणी हात आपोआप वर जातो आणि बहुतेक मरळी तिथंच सुटतात, कारण बेडूक अजून तिच्या तोंडात पुरता गेलेला नसतो. दोरीवर ओझं येऊ द्यावं, मगच जोरात ओढावं. चुकलं तर त्याच जागी पुन्हा टाकावा. ती बरेचदा परत येते.

टाकायचं कुठं, हे मी मुळेच्या काठी एका भोई म्हाताऱ्याकडून शिकलो. ते काठी बाजूला ठेवून नुसते बसून राहायचे. "बाबा, टाका की आता," म्हटलं की म्हणायचे, "थांब जरा, अजून तिनं दम नाही घेतला." मरळ हवा घ्यायला आली की हलका 'बुळुक' होतो, वर्तुळ उठतं आणि ती खाली जाताना बुडबुडे सुटतात. ते कुठल्या बाजूला सरकले ते बघून चार हात पुढं टाकायचं. वर्तुळावर टाकलं तर ती बिथरते. शिकारीचा आवाज निराळा, फटका मारल्याचा. हे दोन आवाज ज्याला वेगळे ऐकू येतात त्याला बाकी सामान दुय्यम आहे. त्यांची काठी बांबूची होती आणि तरंगायला ज्वारीच्या ताटाचा भेंड. आपल्या मुलखात हा नाद जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. त्यात काठी, दोर, गळ, कुठल्या माशाला कुठला चारा, सगळं आलं आहे. राजानं लिहिलं आणि भोयांनी हातात जपलं, ते एकच शास्त्र.

थंडीत मरळ सुस्तावते. खोलात बसते आणि दुपारी ऊन तापल्यावर तेवढी काठाला येते. गळवाल्यानं तेव्हा गांडूळ लावून चिलापी धरावी.

उन्हाळ्यात ती पुन्हा जागी होते. सकाळ-संध्याकाळ जोरात खाते. पाणी उतरून तळ्याचं डबकं झालं की मरळी एकवटतात आणि कुणालाही मिळतात. तिथं मी गळ टाकत नाही. पुढच्या वर्षीच्या पिलांची आई-बापं त्याच डबक्यात असतात, आणि ती राहिली तरच हस्तानंतर त्या पाण्यात काही असेल. पिण्याचं पाणी पेरणीआधी बाजूला काढणारं गाव जवळच असताना, एवढं गळवाल्यालाही जमायला हवं. तलावांचे ठेके मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. त्यांना विचारल्याशिवाय कुठंच गळ टाकू नये, हेही इथंच सांगतो.

सगळ्यात महत्त्वाचं पावसाळ्याचं. पहिलं पाणी आलं की मरळीची जोडी उथळ, गवताळ काठाला येते. गवत बाजूला सारून मोकळी गोल जागा करते आणि अंडी घालते. अंडी पिवळसर, पाण्यावर तरंगणारी. दिवस-दोन दिवसांत ती फुटतात आणि काही दिवसांनी लालसर पिलांचा थवा पाण्यावर खळबळताना दिसतो. खाली आई-बाप राखणीला असतात. त्या थव्यावरून बेडूक ओढला तर मरळ हमखास अंगावर येते. ते भुकेनं नसतं. ती पिलं राखत असते. राखणदार उचलला की चिलापी आणि इतर मासे थवा फस्त करतात. चिलापी आफ्रिकेतून १९५२ साली भारतात आली. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते, म्हणून ती कुठंही फोफावते आणि गर्दी झाली की वीतभरच राहते. तिला आवरणारी आमच्या तळ्यांत मरळच आहे. मरळ संपलेल्या तळ्यात खुरट्या चिलापीशिवाय काही मिळत नाही.

तेव्हा, काठाला लालसर थवा दिसला तर रॉड आवरा आणि दुसरीकडे जा. हस्त होईपर्यंत त्या जागी बेडूक टाकू नका. शेजारी कुणी फेकजाळं घेऊन उभा असेल, तर त्यालाही थवा दाखवा.