पेवात पाणी

परवा आईशी फोनवर बोलताना सहज म्हणून गेले, "इथली थंडी आता पूर्वीसारखी राहिली नाही गं." त्यावर आई पटकन म्हणाली, "बरंच झालं की! तेवढीच तुझी सांधेदुखी कमी."

आईचं काही चुकलं नाही. आपण पडलो सांगलीकडची माणसं. आपल्याकडे ऊब हा शब्दच मायेचा. आजीच्या गोधडीची ऊब, चुलीची ऊब. बारा वर्षांपूर्वी मी अलास्कात, फेअरबँक्सला आले, तेव्हा मलाही थंडी शत्रूच वाटायची. उणे ४० ला (इथे सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच आकडा दाखवतात) पापण्यांवर बर्फ धरतं, तेव्हा कोणाला प्रेम वाटणार? पण फोन ठेवला आणि चुटपुट लागून राहिली. आईला नीट सांगायला हवं होतं. म्हणून हे लिहायला बसले. मावशी, काका, तुमच्यासाठीही आहे हे!

आधी घरातलंच सांगते. आमच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी गोटी ठेवली की ती आपली आपण घरंगळत फ्रीजखाली जाते. मुलाला याची भारी मजा वाटते. चार वर्षांपूर्वी ती जागची हलत नव्हती. मग न्हाणीघराचं दार लागेना, मग खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीला चीर गेली. घरमालकांनी खालून जॅक लावून घराचा एक कोपरा उचलून दिला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

कारण आहे पायाखाली. सलग दोन किंवा त्याहून जास्त वर्षं गोठलेली राहते त्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उत्तर अलास्कात ती सलग आहे, आमच्या भागात तुकड्यातुकड्यांनी. काही ठिकाणी या जमिनीच्या पोटात नुसत्या मातीपेक्षा बर्फच जास्त असतो. तो वितळला की वरचं सगळं खचतं. घर खचतं, रस्ता लाटांसारखा होतो, झाडं झिंगल्यासारखी इकडे तिकडे कलतात. आता आमच्या घराच्या बाबतीत सगळा दोष हवामानाचा, असं मी म्हणणार नाही. तापवलेलं घर स्वतःच्या उष्णतेनेही खालची जमीन वितळवतं. पण वरून हवाही तापत असेल, तर त्या जमिनीने पुन्हा गोठायचं कधी? २०२१ च्या नाताळात तर ऐन डिसेंबरात इथे धो धो पाऊस पडला. तो पाऊस रस्त्यावर गोठला आणि पुढे कित्येक आठवडे आम्ही काचेवरून चालल्यासारखे चालत होतो.

पण थंडी म्हणजे काय, हे मला खरं कळलं ते उत्किआग्विकला. पूर्वी या गावाला बॅरो म्हणत. २०१६ मध्ये लोकांनी मतदान करून जुनं इन्युपियाक नाव परत घेतलं. अमेरिकेचं हे सगळ्यात उत्तरेचं गाव, वस्ती सुमारे ५,०००. बाहेरून तिथे जाणारा रस्ताच नाही, विमानाने जायचं. नवऱ्याचं तिथे काम निघालं, म्हणून जूनमध्ये मीही मागे लागून गेले. चोवीस तास ऊन, आणि तरी अंगात जाड कोट!

ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या बाई आजीच्या वयाच्या. घरातला एक कर्ता पुरुष देवमाशाच्या शिकारीच्या होडीचा कप्तान. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अंगणातलं एक लाकडी झाकण उघडून दाखवलं. आत सरळ खाली उतरणारी शिडी आणि काळोख. हे त्यांचं सिग्लुआक, म्हणजे गोठलेल्या जमिनीत खणलेलं कोठार. कोणाचं दहाबारा फूट, कोणाचं त्याहून खोल. बाराही महिने गोठलेलं. वसंतात धरलेल्या देवमाशाचं मांस यात वर्षभर राहतं. ते एकट्याचं नसतंच. गावभर वाटलं जातं, सणाला निघतं, दूरच्या नातेवाइकांना जातं. शिकारीच्या आधी कोठार खरवडून स्वच्छ करायचं, आत ताजं बर्फ पसरायचं. देवमासा स्वतःहून माणसाच्या हाती येतो आणि नीट ठेवलेल्या घरीच येतो, अशी त्यांची श्रद्धा.

मी खाली वाकून पाहिलं. शिडीच्या शेवटच्या पायऱ्या पाण्यात होत्या.

मी एकदम म्हटलं, "अहो, हे तर आमचं पेव!"

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहेत. लहान मुलांना मात्र 'पेव फुटलंय' एवढंच माहीत असेल, म्हणून सांगते. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार, तोंड अरुंद, पोट मोठं. आत हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड नाही. आजोबांची हळद हरिपूरच्या पेवात असायची. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, हे आजोबांनी मला दहादा सांगितलं असेल. २००५ च्या महापुरात तिथल्या पेवांत पाणी शिरलं. भिजून कुजलेल्या हळदीचा तो वास मला अजून आठवतो. आजोबा दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते.

मी हे माझ्या मोडक्यातोडक्या पद्धतीने बाईंना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "मग नंतर कुठे ठेवायला लागले?" मी म्हटलं, "गोदामात." त्या म्हणाल्या, "आम्ही फ्रीझरमध्ये. चव येत नाही."

आजूबाजूची बांधकामं, मातीचा प्रकार, हिवाळ्यात झाकणाजवळ साचणारं बर्फ, या सगळ्याचा या कोठारांवर परिणाम होतो, असं अभ्यासक सांगतात. पण समुद्र तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. तिथे वसंतातली शिकार किनाऱ्याला चिकटलेल्या बर्फावर तळ ठोकून होते. तो बर्फ पातळ झाला की माणसासकट तुटून वाहून जायची भीती. शरदात पूर्वी समुद्र लवकर गोठायचा आणि वादळी लाटा अडवायचा. आता पाणी उशिरापर्यंत उघडं राहतं आणि लाटा थेट गावाचा किनारा खातात. २०१९ च्या शरदात तर देवमासे किनाऱ्याजवळ फिरकेनात. गावाला कसाबसा एक मिळाला, तोही नोव्हेंबरात.

या गावाची एक गोष्ट मी सगळ्यांना सांगत असते. अमेरिकेत हवामानाच्या नोंदी जिथे तपासल्या जातात, तिथला संगणक एखाद्या केंद्राचे आकडे फारच वेगळे दिसले की ते बाजूला काढतो. यंत्र बिघडलं असेल किंवा जागा बदलली असेल, असं धरून. २०१७ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की उत्किआग्विकचे आकडे यादीतून गायब आहेत. यंत्र ठणठणीत होतं. गावच इतक्या वेगाने तापलं होतं, की संगणकाचा विश्वास बसेना! एकविसाव्या शतकात तिथला ऑक्टोबर सरासरी चारेक अंश सेल्सियसने उबदार झाला होता. समुद्रावरचं पांढरं बर्फ गेलं की काळं पाणी उन्हाळाभर उष्णता पिऊन घेतं आणि शरदात ती हवेला परत देतं. १९७९ पासूनच्या नोंदी पाहता उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे.

असो. मी काही कोणाकडे बोट दाखवायला बसलेली नाही. आमचंही घर तेल जाळूनच ऊबदार राहतं. राज्याच्या तेलाच्या पैशांतून दरवर्षी रहिवाशांना मिळणारा चेक आम्हीही घेतो. उत्किआग्विकची शाळा आणि नळाचं पाणीही तेलावरच्या करातून आलेलं आहे. बाईंनाही हे ठाऊक आहे. त्या स्वतःच म्हणाल्या, "तेल नको म्हणणं आम्हाला सोपं नाही."

फरक आहे तो एवढाच. फेअरबँक्सच्या दक्षिणेकडे तोंड केलेल्या टेकड्यांखाली पर्माफ्रॉस्ट नाही. आमचा करार संपला की आम्ही तिकडे राहायला जायचं ठरवतोय. मुलाची गोटी पुन्हा जागेवर राहील. त्या बाईंनी कुठल्या टेकडीवर जायचं? थंडी हीच त्यांची जमीन, तेच कोठार, तोच समुद्रावरचा रस्ता.

तर आई, तू 'बरंच झालं' म्हणालीस ना, तेव्हा मला हे सगळं बोलायचं होतं. पेवात पाणी शिरलं त्या वर्षी आजोबा ओसरीवर बसून होते. त्यांना तू "यंदा पाऊस छान झाला" असं म्हणाली होतीस का?