अंगणाचा उतार

नाचता येईना, अंगण वाकडे. चार शब्दांत नाचणाऱ्याचा निकाल लागतो आणि अंगणाकडे कुणी एकदाही वळून बघत नाही. गवंड्याकडे पाणसळ असते, ओळंबा असतो. म्हण ऐकवणाऱ्याकडे यातले काहीच नसते, तरी अंगण सपाट आहे याची त्याला पक्की खात्री असते. आणि समजा, अंगण खरेच वाकडे असले तर?

गेले काही दिवस ही म्हण माझा पिच्छा सोडत नाही. ती कुणी कुणाला आणि कशावरून ऐकवली, ते राहू द्या. घरातले बोलणे घरात बरे. एवढे सांगते, की माझा भाचा नांदेडहून एमएस्सी करून इथे दिल्लीत आला आहे, जिया सरायला खोली घेऊन राहतो आणि नेटची तयारी करतो. भौतिकशास्त्रात पीएचडी करायची तर नेटमधून मिळणारी जेआरएफ ही शिष्यवृत्ती हवी, नाहीतर गेट, नाहीतर जेस्ट, नाहीतर टीआयएफआरची स्वतःची परीक्षा. तो सगळ्या देतो. त्याच्या गल्लीतले सगळेच सगळ्या देतात.

मी नोएडाला राहते. बोटॅनिकल गार्डनला मॅजेंटा लाइन धरली की थेट आयआयटी स्टेशनला उतरता येते, त्यामुळे डबा पोचवण्याच्या निमित्ताने जाणे होते. एका बाजूला आयआयटीचे हिरवेगार आवार, आणि त्याला लागून ही अरुंद गल्ल्यांची वस्ती, जिथे दुपारी दोनलाही खोलीत दिवा लावावा लागतो. झेरॉक्सच्या दुकानांत कुणा सरांच्या हस्ताक्षरातल्या नोट्स मिळतात: क्वांटम एवढ्याला, स्टॅटमेक तेवढ्याला. ‘लायब्ररी’ अशी पाटी दर दहा पावलांवर. आत एकही पुस्तक नसते. भाड्याने मिळते ते टेबल, खुर्ची, एक प्लग आणि शांतता. भाच्याच्या कपाटात गोल्डस्टाइन आहे, ग्रिफिथ्स आहे, पाथ्रियाही आहे. (स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सचे हे पुस्तक जगभर वाचले जाते, पाथ्रियांनी पीएचडी केली ती इथेच, दिल्ली विद्यापीठात.) पण टेबलावर उघडे असतात ते पीवायक्यू, मागच्या वर्षांचे प्रश्न. पुस्तके कपाटात आणि प्रश्न टेबलावर, यावरून मी त्याला एकदा काही बोलणार होते. बोलले नाही.

अंगणातच जन्मलेल्या माणसाला अंगण वाकडे आहे हे कळणार कसे, असे मी त्याला विचारले. तो पोळी मोडत म्हणाला, “मावशी, हे गाउसने सोडवलंय.”

सोडवले आहे खरे. गाउसने 1827 साली मांडलेले प्रमेय असे, की पृष्ठभागाची वक्रता त्या पृष्ठभागावर राहूनच मोजता येते. बाहेर जाऊन वरून बघण्याची गरज नाही. मोठा त्रिकोण आखावा, तिन्ही कोन मोजावेत. बेरीज 180 अंश आली नाही, तर अंगण वळलेले आहे. गाउसने हॅनोव्हरच्या जमीन मोजणीत तीन डोंगरमाथे धरून एक त्रिकोण मोजला होता. त्याची सगळ्यांत लांब बाजू शंभर किलोमीटरहून अधिक. अवकाशच वाकडे आहे का, हे त्याला तपासायचे होते अशी आख्यायिका आहे. इतिहासकार ती फारशी मानत नाहीत. पृथ्वीच्या गोलाईमुळे एवढ्या मोठ्या त्रिकोणातही बेरीज वाढते ती जेमतेम 15 विकला, म्हणजे एका अंशाचा दोनशे चाळिसावा भाग.

इथेच मी अडकते. शंभर किलोमीटरला 15 विकला, तर आमच्या परभणीच्या वाड्यातल्या अंगणाला किती? शून्यच म्हणायचे. कुठलेही अंगण पुरेसे लहान घेतले की सपाटच दिसते. एका मुलाने दिलेल्या दोन-तीन परीक्षा म्हणजे फार लहान त्रिकोण. त्यावरून अंगण वाकडे आहे असे त्याने म्हणू नये, हे ठीक. पण मग ते सरळ आहे, असे तरी मी कशाच्या जोरावर म्हणायचे?

शिवाय वळलेले अंगण वेगळे आणि उतरते अंगण वेगळे. सपाट पण एका बाजूला कललेल्या अंगणात त्रिकोण मुकाट्याने 180 भरतो. गाउस तिथे काही कामाचा नाही. तिथे गोटी सोडून बघावी लागते. पुष्कळ गोट्या सोडल्या आणि सगळ्या एकाच कोपऱ्यात जमल्या, म्हणजे उतार आहे. पण इथे येणारा प्रत्येक जण एकच गोटी घेऊन येतो.

उतार पाण्याला बरोबर कळतो. 27 जुलै 2024 च्या संध्याकाळी दिल्लीतल्याच जुन्या राजेंद्रनगरात तळघरातल्या अशाच एका लायब्ररीत रस्त्यावरचे पाणी शिरले आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. दोघी नागरी सेवेची तयारी करत होत्या. तिसरा जेएनयूत पीएचडीही करत होता. त्यानंतर महापालिकेने तळघरांना सील ठोकले. त्या दिवसापासून भाच्याने खोली बदलली म्हटले की मी आधी विचारते, कितव्या मजल्यावर?

तो जून-जुलै तसाही विचित्रच होता. 18 जूनला झालेली यूजीसी-नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. 25 ते 27 जूनला ठरलेली सीएसआयआर-नेट, म्हणजे भाच्याची नेट, 21 तारखेला पुढे ढकलली गेली आणि महिन्याने झाली. अंगण वाकडे, अंगण वाकडे असा गलका झाला आणि या वेळी म्हण ऐकवायची कुणाची छाती झाली नाही. पुढे सीबीआयच्या तपासाच्या बातम्या आल्या: पेपर फुटल्याचा संशय ज्या चित्रावरून आला, त्या चित्रातच फेरफार केलेला होता. म्हणजे यूजीसी-नेटपुरते अंगण त्या दिवशी सरळ होते, आणि वाकडे समजून उखडले गेले. अशा वेळी कुणाची बाजू घ्यायची?

त्या गोंधळात मुले जंतरमंतरला जमली होती. दिल्लीत गाऱ्हाणे मांडायचे ते तिथे, असे आता ठरूनच गेले आहे. त्यांच्या पाठीमागे ज्या लाल भिंती दिसतात, त्यांच्याकडे मात्र कुणी कॅमेरा वळवत नाही. एका रविवारी मी भाच्याला तिथे घेऊन गेले. डोक्याला जरा वारा, एवढाच हेतू. पण सम्राट यंत्रासमोर उभी राहिले आणि म्हण पुन्हा मानगुटीवर बसली.

सवाई जयसिंगाने ही वेधशाळा 1724 च्या सुमारास बांधली. सम्राट यंत्र हे तिच्यातले सूर्यघड्याळ: सुमारे 70 फूट उंच त्रिकोणी भिंत, तिच्या तिरप्या कडेवर पायऱ्या. पायऱ्या चढून कुठे जायचे, तर कुठेच नाही. वर नुसते आकाश. ती तिरपी कड पृथ्वीच्या आसाला समांतर आहे, म्हणून तिचा उतार दिल्लीच्या अक्षांशाएवढा, साडेअठ्ठावीस अंशांहून किंचित जास्त. जयसिंगाला पितळी यंत्रांचा भरवसा वाटेना. ती लहान पडत, झिजत, हलत. म्हणून त्याने चुना-दगडात एवढी अवाढव्य यंत्रे उभी केली. तेही फक्त दिल्लीत नाही. जयपूर, उज्जैन, मथुरा, काशी, दिल्ली धरून पाच ठिकाणी. आणि प्रत्येक ठिकाणी उतार वेगळा. दिल्लीची भिंत उचलून जयपूरला ठेवली तर पावणेदोन अंशांनी चुकेल. उज्जैनला पाच अंशांहून जास्त. त्या यंत्रात वाकडेपणा हा दोष नाहीच. तो त्या त्या जागेचा हिशेब आहे. सरळ बांधले असते तर वेळ चुकीची दिसली असती.

मग एकच प्रश्नपत्रिका नांदेडला, नोएडाला आणि गुवाहाटीला सारखी, याला आपण न्याय म्हणतो, ते काय असते? मी हे मोठ्याने बोलले तर भाचा म्हणाला, “पण सूर्य एकच आहे ना.” खरे आहे. भौतिकशास्त्रातला हॅमिल्टोनियन नांदेडला बदलत नाही. प्रत्येक गावाचा उतार वेगळा लावायचा म्हटले तर तो लावणार कोण, आणि त्याच्या हातात ओळंबा आहे का, हे कोण बघणार? मी गप्प बसले.

त्यालाच तिथे आणखी एक गोष्ट सुचली, ती मात्र मला फार आवडली. सूर्य बिंदू नाही. आकाशात त्याची थाळी अर्ध्या अंशाची. म्हणून सावलीची कड कधीच धारदार नसते, उपछायेची एक पुसट पट्टी असते. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, तेव्हा ही पट्टी दोन मिनिटांच्या रुंदीची झाली. भिंत दुप्पट उंच केली तर खुणा दुप्पट लांब होतील, पण पट्टीही तेवढीच पसरेल. दगडावर सेकंदांच्या रेघा कितीही बारीक ओढा, सावली दोन मिनिटांची जाडच पडणार. “आमच्या कटऑफसारखं,” तो म्हणाला. नेटच्या बी भागात एका चुकीला 0.875 गुण कापतात. त्यामुळे कटऑफला दशांश चिन्हापुढे तीन-तीन आकडे येऊ शकतात. रेघ एवढी बारीक. त्या रेघेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मुलाला भौतिकशास्त्र किती येते, ती सावली केवढी जाड आहे, हे कुणी मोजलेले नाही.

आता सम्राट यंत्राच्या भोवती उंच इमारती उभ्या आहेत, खुणा झिजल्या आहेत. वेळ बघायला कुणी येत नाही.

म्हणीचा दुसरा अर्धा भाग मला त्या परतीच्या मेट्रोत आठवला. माझी आजी पूर्ण म्हण म्हणायची: नाचता येईना अंगण वाकडे, रांधता येईना ओली लाकडे. पहिल्या अर्ध्यावर मी इतके दिवस डोके फोडत होते, आणि दुसरा अर्धा तर उघड उघड खोटा आहे. ओली लाकडे खरोखरच धड जळत नाहीत. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाने निम्मेसुद्धा पाणी असू शकते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 2260 किलोज्यूल लागतात, आणि ती उष्णता आधी पाणीच घेते, भाताच्या वाट्याला येत नाही. किलोमागे मिळणारी ऊर्जा कोरड्या लाकडाच्या निम्म्याहूनही कमी. श्रावणात चूल पेटवलेल्या कुठल्याही बाईला हे गुप्त उष्णतेचे नाव न घेता माहीत होते. आजीलाही होते, डोळे पुसत फुंकणी फुंकताना मी तिला पाहिले आहे. तरी ती ही म्हण सुनेला, म्हणजे माझ्या आईला, ऐकवायची. स्वतःला ओल्या लाकडांचा धूर लागलेला असतानाही म्हणीवर विश्वास कसा ठेवता येतो? की धूर सोसून भात शिजवला, म्हणूनच तो विश्वास येतो?

कारण शिजवणारे असतात, ही अडचण आहे. अमल कुमार रायचौधुरींचे मन सामान्य सापेक्षतेत आणि कोलकात्याच्या संस्थेतली नोकरी धातूंच्या गुणधर्मांवर काम करण्याची. त्यांनी आपले समीकरण 1955 मध्ये फिजिकल रिव्ह्यूमध्ये छापले तेव्हा त्यांना डॉक्टरेटही नव्हती. पुढे पेनरोज आणि हॉकिंग यांचे सिद्धान्त त्यावर उभे राहिले. सत्येंद्रनाथ बोस यांनी तर पीएचडी केलीच नाही. ही नावे घेतली की म्हण जिंकते. पण ओल्या लाकडांपुढे ज्यांचा भात कच्चा राहिला, त्यांची नावे समीकरणांना मिळत नाहीत, म्हणून मोजणीत येत नाहीत. मी पुन्हा तिथेच: किती गोट्या कुठल्या कोपऱ्यात गेल्या, याची वही कुणाकडे नाही.

एक उतार मात्र मी स्वतः मोजला, कागदावर. नेटच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात चार पर्याय आणि चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग वजा. सी भागात बरोबर उत्तराला 5, चुकीला उणे 1.25. डोळे मिटून ठोकले तर चारात एकदा 5 आणि तीनदा उणे 1.25, सरासरी प्रश्नामागे 0.31 गुण फायदा. पूर्ण पेपर असा ठोकला तर 200 पैकी सरासरी साडेबारा. गेटमध्ये एका गुणाच्या बहुपर्यायी प्रश्नाला एक तृतीयांश कापतात. तिथे ठोकण्याची सरासरी बरोबर शून्य येते. म्हणजे गेटचे अंगण या बाबतीत सपाट आहे आणि नेटचे किंचित कललेले, न येणाऱ्याच्या बाजूने. मला वाटले, सापडला उतार! मी ताबडतोब भाच्याला फोन केला, की सी भागातल्या 30 पैकी 20 प्रश्न सोडवायची मुभा आहे ना, मग एकही मोकळा सोडू नकोस.

त्याला हे आधीच माहीत होते. सगळ्यांनाच माहीत असते. तो म्हणाला, सरासरी अनेक पेपरांची असते, माझा पेपर एक असतो. आणि सरासरी खरी ठरेपर्यंत पेपर देत राहायला वयाची अट आडवी येते. मी म्हटले, तरी पण फायद्याच्या बाजूला झुकलेले आहे. तो म्हणाला, हो, गणित बरोबर आहे. पण जो प्रश्न येत नाही, तो भाचा मोकळाच सोडतो. का, तर त्यावर उत्तर नाही. मला तसे जमत नाही, एवढेच म्हणतो. साडेबारापैकी त्याच्या वाट्याचे दोन-तीन गुण तो दर खेपेला अंगणात ठेवून येतो, आणि मागच्या खेपेला तो रेघेच्या किती अलीकडे राहिला हे मला माहीत आहे. हा त्याचा प्रामाणिकपणा की ताठा, हे मला ठरवता येत नाही. त्याला पुन्हा समजवावे की नाही, हेही. परवा डबा द्यायला जाईन तेव्हा विषय काढेन म्हणते, किंवा नाही काढणार.