गेलेलं घर गेलं नव्हतं

२००९ साली ओहायोत यांची नोकरी गेली, घराचे हप्ते थकले आणि बँकेने कोर्टात दावा लावला. कागद हातात पडताच आम्ही सामान बांधून भाड्याच्या घरात गेलो. घर आता बँकेचं, असंच धरून चाललो.

चातुर्मासात शहराची नोटीस आली, तीही आमच्याच नावाने: गवत वाढलंय, पायऱ्यांचा कठडा मोडलाय, दुरुस्त करा नाहीतर दंड. बँकेला फोन केला तर म्हणे, घर अजून तुमचंच! वकिलांनी समजावलं. तिथे शेरीफचा लिलाव होऊन, कोर्टाने तो कायम करून, नव्या मालकाच्या नावाने कागद होईपर्यंत जबाबदारी आपली. घाई आम्हीच केली. तिथेच राहिलो असतो तर भाडंही वाचलं असतं.

चातुर्मासात हिरवळीवर पाय ठेवायला कचरणारी मी, त्या शनिवारी यांच्यासोबत गवत कापायला उभी राहिले. आधी काठीने गवत हलवलं, जिवांना निघायला वेळ दिला, मनात मिच्छामि दुक्कडं म्हटलं. कठडा ठोकून घेतला, फोटो शहराच्या कचेरीत दिले.

लिलावाला आणखी सात महिने लागले. तोवर दर पंधरा दिवसांनी आमची तिकडे फेरी असायची.