तात्यांचा इंग्रज, आजीची राणी

तंजावरच्या मराठी माणसांचा विषय निघाला की पुण्यात गाडी सांबाराशी येऊन थांबते. संभाजीराजे पाहुणे आले, आमसूल संपलं, मुदपाकखान्यात चिंच घातली वगैरे. ही गोष्ट खरी की रचलेली, देव जाणे. कुंभकोणमच्या आमच्या आजोळी ती कुणी सांगितल्याचं आम्हा मामे-मावस भावंडांपैकी एकालाही आठवत नाही. तिथं सांबार रोज व्हायचं, त्याचं कौतुक कसलं करायचं? संध्याकाळी ओट्यावर पितळी डबऱ्यातली कॉफी आली की राजकारण सुरू व्हायचं. ते दोनशे वर्षांपूर्वीचं असलं तरी काल घडल्यासारखं.

सुट्टीत पुण्याहून गेलेल्या आम्हाला पहिला धक्का बसला तो थेट शिवाजी महाराजांवरून. १६७७ साली महाराज दक्षिणेत आले, कोळ्ळिडम नदीच्या काठी सावत्र भावाला, व्यंकोजीराजांना, भेटले आणि शहाजीराजांच्या दौलतीतली निम्मी वाटणी मागितली. व्यंकोजी रातोरात नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. आमच्या शाळेत व्यंकोजी म्हणजे स्वराज्याचं मोल न कळलेला आदिलशाही सरदार. तात्यांच्या लेखी मात्र तो वाटणीच्या दाव्यातला प्रतिवादी. तात्या म्हणजे आजोबा. मद्रास इलाख्याच्या महसूल खात्यात कारकुनापासून चढत शिरस्तेदार होऊन निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "महाराज मोठेच. त्यात वाद नाही. पण वाटणी मागायला फौज घेऊन येतात होय रे?"

आजी या वादात दोन्ही भावांना बाद करायची. तिचं सगळं इमान दीपाबाईवर, म्हणजे व्यंकोजींच्या बायकोवर. तिनं नवऱ्याची समजूत काढली, दिराशी तह जमवला आणि चोळी-बांगडीसाठी बंगळूर पदरात पाडून घेतलं, असं बखरी सांगतात. अख्ख्या भोसले घराण्यात हिशेब कळणारी ती एकटीच, असं आजीचं मत होतं.

तात्या इंग्रजांचे. हे आता लिहिताना अवघडल्यासारखं होतं, पण होते. कावेरीकाठच्या सरकारी कॉलेजात शिकलेले. त्या कॉलेजाला लोक दक्षिणेचं केंब्रिज म्हणत आणि तिथले पहिले हिंदी प्रिन्सिपल टी. गोपाळराव आपल्यातलेच, हे तात्या पाहुण्यांना पहिल्या पाच मिनिटांत सांगत. "राज्य कुणाचंही असो, दप्तर आपल्या हाती हवं," हे त्यांचं सूत्र. नायकांचं राज्य गेलं, भोसल्यांचं आलं, भोसल्यांचं गेलं, कंपनीचं आलं. जमाखर्च लिहिणारे रायर तेच राहिले. (गावात आम्हाला रायर म्हणतात.) १७९९ च्या तहानं दुसऱ्या सरफोजींनी राज्यकारभार कंपनीला देऊन टाकला, तंजावरचा किल्ला, तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा तेवढा राखला. तात्यांना यात शहाणपण दिसे. भांडून अर्काटच्या नवाबाच्या घशात जाण्यापेक्षा पुस्तकं जमवून सरस्वती महाल वाढवला, काय वाईट केलं?

इथं थोरला मामा उसळायचा. मामा बँकेत होता, युनियनमध्ये होता आणि घरात एकटाच मोठ्यानं बोलायचा. १७७३ साली नवाबानं तंजावर घेतलं, तीन वर्षं मुलूख पिळून काढला, हे खरं. पण नवाबाला ते जिंकून कुणी दिलं? कंपनीच्याच पलटणींनी ना? मद्रासचे गोरे साहेब नवाबाला भरमसाट व्याजानं कर्जं देऊन बसले होते आणि त्यांची वसुली तंजावरच्या भातावर होती. मग विलायतेहून हुकूम आला आणि १७७६ मध्ये गव्हर्नर पिगटनं तुळजाजीराजांना गादी परत दिली. त्यावर त्याच्याच कौन्सिलानं त्याला अटक केली. पुढच्या वर्षी तो कैदेतच मेला. मामा ही गोष्ट इतक्या चवीनं सांगे की आम्हा पोरांना वाटायचं, पिगट आपल्याच कुणा नातेवाइकाचं नाव असावं. "आपल्या तांदळापायी लाटसाहेब तुरुंगात मेला," असं म्हणून तो तात्यांकडं बघायचा. तात्या कॉफी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायचे.

आजीचा इंग्रजांवरचा राग वेगळ्या कारणानं होता. दुसरे शिवाजीराजे १८५५ मध्ये वारले. मागं मुलगा नव्हता. कंपनीनं गादी खालसा केली, ते एक समजून घेता येईल. पण फोर्ब्स नावाच्या अधिकाऱ्यानं शिपाई नेऊन वाड्यातली खासगी मालमत्ताही सील केली. दागदागिने, जडजवाहीर, सगळं. थोरल्या राणीसाहेब कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. मद्रासच्या सुप्रीम कोर्टानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला. १८५९ मध्ये लंडनला प्रिव्ही कौन्सिलनं तो फिरवला. का, तर सरकारनं जे केलं ते राज्यसत्तेचं कृत्य आहे, बरोबर असो वा चूक, त्यात कोर्टाला हात घालता येत नाही. आजी विड्याच्या पानांच्या शिरा नखानं सोलत हे सांगायची. पानं कुंभकोणमचीच, कोवळी, पण शीर ठेवलेली तिला खपायची नाही. एकेक शीर ओढताना ती एकेक वाक्य टाके. "चोरी केली म्हणून कोर्टात गेलं तर कोर्ट म्हणतं, चोर राजा आहे, आम्ही काय करणार!" पुढं १८६२ मध्ये बरीचशी मालमत्ता राण्यांना परत मिळाली. पण मेहेरबानी म्हणून, हक्क म्हणून नव्हे. हा फरक आजी कधी विसरू द्यायची नाही. तिचं शिक्षण चौथीपर्यंत. सरकारी सत्तेबद्दल इतकं नेमकं पुढं आम्हाला लॉ कॉलेजातही कुणी सांगितलं नाही.

तात्यांकडं यावर एकच हुकमी पान होतं, राजा सर टी. माधवराव. जन्म कुंभकोणमचा, १८२८. त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरचे, मग बडोद्याचे. ज्या बडोद्याला आपण सयाजीरावांचं म्हणून नावाजतो, त्याची घडी आमच्या गावच्या माणसानं बसवली, हे तात्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. धाकटी मावशी मात्र विचारायची, दिवाणाची जागा रिकामी कशी झाली ते सांगा की. रेसिडेंट फेअरला सरबतातून विष घालण्याचा कट केला, असा आळ मल्हारराव गायकवाडांवर आला. १८७५ मध्ये चौकशीला सहा जणांचं कमिशन नेमलं. तिघा गोऱ्यांनी दोषी म्हटलं. शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांनी म्हटलं नाही. सरकारनं मग विषाचं सोडून गैरकारभाराचं कारण पुढं केलं आणि मल्हाररावांना काढलंच. पाठवलं कुठं? मद्रासला. तिथंच ते १८८२ मध्ये गेले. मराठी राजा मद्रासला कैदेत आणि मद्रासकडचा मराठी दिवाण बडोद्याच्या कचेरीत! मावशीच्या मते हा सौदा होता, तात्यांच्या मते सुधारणा. मला वाटतं दोघांचंही बरोबर होतं आणि म्हणूनच ते भांडण कधी मिटलं नाही.

तात्यांना खरी लाज वाटायची ती १९३० ची. राजाजी तिरुच्चीहून वेदारण्यमला मिठाच्या सत्याग्रहाला निघाले, बरोबर शंभरेक माणसं. तंजावरचा कलेक्टर थॉर्न यानं फर्मान काढलं की या लोकांना जो अन्न वा आसरा देईल तो तुरुंगात जाईल. कुंभकोणमच्या पंतुलू अय्यरांनी त्यांना घरी उतरवून घेतलं आणि सहा महिन्यांची शिक्षा भोगली. मग लोक वाटेवरच्या झाडांच्या फांद्यांना अन्नाच्या पुड्या बांधून ठेवू लागले; पोलिसांनी पकडायचं कुणाला, झाडाला? आमच्या घरातून काय गेलं? काही नाही. तात्या कचेरीत नवे कारकून होते, घरात सहा खाणारी तोंडं होती. "इडलीची एक पुडीसुद्धा नाही," आजी म्हणायची. माझी मामेबहीण सांगते, हे वाक्य आजी वर्षातून एकदा तरी, एप्रिलात, ठरवून म्हणायची.

आणीबाणीत घर उभं दुभंगलं. ३१ जानेवारी १९७६ ला करुणानिधींचं सरकार बरखास्त झालं, द्रमुकची माणसं मिसाखाली आत गेली. तात्यांना द्रमुकचं प्रेम असण्याचं कारणच नव्हतं. ब्राह्मणांना नोकऱ्यांतून हुसकलं ते यांनी, ही त्यांची ठाम समजूत. बाई खमकी आहे, कचेरीत माणसं जाग्यावर सापडतात, असं ते म्हणाले. मामा म्हणाला, हेच डलहौसीसाहेब म्हणत होता. सेन्सॉरमुळं अटकेच्या बातम्या छापता येत नव्हत्या, तेव्हा द्रमुकच्या 'मुरसोली' दैनिकानं अण्णादुराईंच्या पुण्यतिथीला समाधीवर येऊ न शकलेल्यांची यादी छापली. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. मामानं तो अंक तात्यांच्या ताटाजवळ ठेवला. तात्यांनी यादी सगळी वाचली, शिरस्तेदाराच्या सवयीनं, एकेका नावावर बोट ठेवून. मत बदललं नाही. मार्च १९७७ मध्ये उत्तर भारतानं इंदिराबाईंना घरी बसवलं. तमिळनाडूनं काँग्रेस आणि एमजीआरच्या आघाडीला भरभरून मतं दिली. तात्या जिंकल्यासारखे हसले. मामा आठवडाभर बोलला नाही.

या साऱ्या आठवणी सांगताना आम्ही भावंडं रंगात येतो आणि एका ठिकाणी अडतो. २५ डिसेंबर १९६८ ला, तेव्हाच्या आमच्याच तंजावर जिल्ह्यात, किळवेण्मणीला मजुरी वाढवून मागणाऱ्या शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. झोपडीत जीव वाचवायला दडलेली ४४ माणसं जळून मेली. दलित, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. पुढं हायकोर्टानं जमीनदारांना निर्दोष सोडलं. घरात आमची चार-सहा एकर भातशेती होती, कुळं होती. पिगटच्या मरणावर तास-तास बोलणारा ओटा त्यावर काय बोलला, हे कुणालाच आठवत नाही. थोरल्या मामेभावाला एवढंच आठवतं की त्या हंगामात तात्या स्वतः शेतावर गेले नाहीत, माणूस पाठवला. मामा युनियनचा, तोही गप्प. आणि आजी, जिला राणीचा दागिना न् दागिना ठाऊक होता, तीसुद्धा. राज्य आपल्यावर चालतं तेव्हा त्या पिढीला त्याचा काच बारकाईनं कळायचा. आपण ज्यांच्यावर चालवतो त्यांचा काच तिला दिसला नाही, किंवा दिसला आणि तिनं पान उलटलं. मला दुसरंच खरं वाटतं.

तंजावरी डांगर पच्चडीची कृती आता कुठंही मिळते. ज्यांच्या घरी ऐंशी-नव्वदीतली तंजावरी माणसं अजून आहेत, त्यांनी कृती विचारून झाली की १९६८ आणि १९७६ बद्दलही विचारावं, आणि उत्तर आवडलं नाही तरी लिहून ठेवावं.