साबुदाणा गल्लीतली एकादशी

परदेशप्रवासाची तयारी सुरू झाली की घरात कागदांचा ढीग जमतो. पासपोर्ट, व्हिसा, तिकिटे, विमा, हॉटेलची आरक्षणे. कोणत्या दिवशी काय पाहायचे याची यादी होते, त्या यादीवर वादही होतात. ‘पण तिथे जेवायचे काय?’ हा प्रश्न मात्र ‘बघू तिथे गेल्यावर’ या तीन शब्दांत निकालात निघतो. आणि प्रवासात सगळ्यांत जास्त रुसवेफुगवे होतात ते नेमके याच प्रश्नावरून.

नाशिकच्या एका कुटुंबाचे असेच झाले. 2025 च्या मे महिन्यात मुलगा, सूनबाई, बारा वर्षांची नात, आठ वर्षांचा नातू आणि अडुसष्ट वर्षांच्या आजी असे पाच जण सहा दिवसांसाठी सिंगापूरला निघाले. दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले आणि तेव्हापासून आजी घराबाहेर फारशा पडल्याच नव्हत्या. ‘आईला एकदा समुद्रापलीकडे नेऊन आणायचे,’ असे मुलाने मनाशी ठरवले होते.

आजींच्या गळ्यात तुळशीची माळ. मांस-मच्छी तर दूरच, अंडेही नाही. चातुर्मासात कांदा-लसूण बंद आणि महिन्याच्या दोन्ही एकादशा न चुकता. त्यांनी आपल्या सामानात शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, चिवडा आणि बेसनाचे लाडू भरले. ते पाहून सूनबाईंच्या पोटात गोळा आला. वर्षातून एकदाच चूल सुटायची, तर आता हॉटेलच्या खोलीतही स्वयंपाकघर मांडावे लागणार की काय! पण त्या काही बोलल्या नाहीत. आजीही बोलल्या नाहीत. दोघी एकमेकींना सांभाळून घेत होत्या आणि त्यामुळेच मनातले मनातच राहत होते.

मुंबईहून विमानाने साडेपाच तास. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. चांगी विमानतळालगतच्या ‘ज्वेल’ या इमारतीत छतातून खाली कोसळणारा 40 मीटर उंचीचा धबधबा पाहून मुले नाचू लागली. आजी मात्र तिथल्या खाण्याच्या दुकानांकडे पाहत होत्या. कुठे टांगलेली बदके, कुठे लालभडक खेकडे. त्यांनी पदर नाकाला लावला आणि मुकाट्याने पुढे चालू लागल्या.

पहिल्या रात्री नदीकाठच्या एका उपाहारगृहात सगळे जेवले. आजींनी साधा भात आणि दही घेतले. बिल आले तेव्हा मुलगा चपापला. सिंगापूरच्या बऱ्याच उपाहारगृहांत मेनूमधल्या किमतीपुढे अधिकची दोन छोटी चिन्हे असतात. त्यांचा अर्थ असा, की त्या किमतीवर 10 टक्के सेवाशुल्क आणि मग त्या रकमेवर 9 टक्के कर. म्हणजे 100 डॉलरचे जेवण 119 डॉलर 90 सेंटला पडते. त्या वेळी तिथला एक डॉलर आपल्या 65 रुपयांच्या आसपास होता. आजींनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि त्यांच्या घशाखाली पाणीही उतरेना.

दुसऱ्या दिवशी मुलाने सर्वांना एका हॉकर सेंटरमध्ये नेले. सिंगापूरची खरी खाद्यसंस्कृती तिथेच पाहायला मिळते. पूर्वी तिथेही रस्तोरस्ती हातगाड्या आणि फेरीवाले असत. 1970 आणि 80 च्या दशकांत सरकारने त्यांना छपराखाली आणले, प्रत्येकाला ठरावीक गाळा दिला, नळ आणि सांडपाण्याची सोय केली. आज शहरात अशी शंभराहून अधिक केंद्रे आहेत. 2020 मध्ये युनेस्कोने या संस्कृतीचा जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. मधोमध टेबले आणि भोवती गाळे. साहेब आणि शिपाई शेजारी बसून जेवतात. टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट ठेवले की जागा धरली असे समजायचे. आपल्याकडे एस.टी.च्या खिडकीतून आत रुमाल टाकतात, तसेच!

मुलाने ‘व्हेजिटेबल’ नूडल्स मागवल्या. आजींनी पहिला घास उचलला आणि सूनबाईंना ताटात गुलाबी, आखडलेली, लहानशी कोळंबी दिसली. “आई, थांबा!” त्या जवळजवळ ओरडल्याच. आजींनी घास खाली ठेवला, हात धुऊन आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही जेवा रे. मला भूकच नाही.”

त्या रात्री सूनबाईंना जाग आली तेव्हा आजी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून अंधारात लाडू खात होत्या.

“आई, दिवा तरी लावायचा.”

“मुलं उठतील गं. आणि तुमची यादी माझ्यामुळे अडायला नको. मी काय, लाडवावर राहीन चार दिवस. यांच्या माघारी मला एवढ्या लांब आणलंत, तेच खूप झालं.”

सूनबाईंनी आजींच्या हातावर हात ठेवला. “तुम्ही उपाशी असताना आमच्या घशाखाली उतरेल का? उद्यापासून आधी तुमचं जेवण, मग प्रेक्षणीय स्थळं.”

सकाळी यादी बदलली. कुटुंब मेट्रोने ‘लिटिल इंडिया’त गेले. सेरंगून रोडवर 1947 पासून चालत आलेले ‘कोमला विलास’ हे शाकाहारी उपाहारगृह आहे. सांबाराचा वास आला आणि आजींचा चेहरा उजळला. दोन डोसे खाल्ल्यावर त्यांनी स्वतःच विचारले, “मग आता काय दाखवणार?” पोट भरल्यावर त्यांना 1859 मध्ये वसवलेली बोटॅनिक गार्डन्स दिसली. एरवी तिथली झाडेही दिसली नसती. दोनेक तास त्या एकेका वृक्षाखाली थांबत होत्या. तिथे शिरायला तिकीट नाही, हे कळल्यावर तर त्यांची चाल आणखी हलकी झाली.

परतताना सूनबाईंनी हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या मुलीला गाठले आणि अडचण सांगितली. तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. इथल्या भाज्यांमध्येही सुक्या कोळंबीचा मसाला, माशांचा किंवा कालवांचा रस असतो, पिवळ्या नूडल्समध्ये अंडे असू शकते. म्हणून एकेका पदार्थाचे नाव घेऊन विचारावे. दुसरी गोष्ट, बऱ्याच हॉकर सेंटरमध्ये चिनी बौद्ध पद्धतीचा शाकाहारी गाळा असतो. चिनी लिपीतले ‘सू’ हे अक्षर ओळखले की झाले. तिने ते कागदावर काढून दिले. नातीने तो कागद जपून ठेवला आणि शोधाची सूत्रे आपल्या हाती घेतली.

त्याच संध्याकाळी तिला ते अक्षर सापडले. काचेमागे भाज्या, तोफू, मश्रूम यांच्या परातीच परातीच. आजी पुढे झाल्या आणि एकदम मागे सरकल्या. “अगं, हे तर मटण दिसतंय!” गाळ्यावरच्या चिनी बाई हसल्या. त्यांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीचे नातीने भाषांतर केले. ते मांस नव्हतेच. सोयाबीनचे आणि गव्हातल्या चिकाचे तुकडे होते, नुसता आकार मांसासारखा. अंडे? नाही. मासळीचा रस? नाही. कांदा-लसूणही नाही, कारण बौद्धांच्या कडक शाकाहारात तोही वर्ज्य असतो.

“म्हणजे चातुर्मासातलाच स्वयंपाक की हा!” आजी म्हणाल्या.

आपली आई दर महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळते, असेही त्या बाईंनी सांगितले. चिनी महिना अमावास्येला सुरू होतो आणि पंधरावा दिवस पौर्णिमेच्या सुमारास येतो. आजींनी बोटांवर हिशेब केला. “म्हणजे यांनाही तिथी पाळाव्या लागतात! विचार गं हिला, आईला उपवास जमतो का अजून?” नातीने विचारले. बाईंनी मान डोलावली आणि आजींच्या ताटात कोबीची भाजी वाढून वर हाताने ‘राहू द्या’ अशी खूण केली. भात आणि तीन भाज्या, पाचएक डॉलरमध्ये. त्या रात्री आजींनी ताट स्वच्छ केले.

जेवणानंतर चहा हवाच. सिंगापुरात आल्याच्या चहाला ‘तेह हालिया’ म्हणतात. हालिया म्हणजे मलय भाषेत आले. दीड-दोन डॉलरला मोठा पेला. त्यात डब्यातले घट्ट गोड दूध असते. गोड कमी हवे असेल तर ‘सियू दाई’ म्हणायचे. दोन दिवसांत हे दोन शब्द आजींना इतके पाठ झाले, की नातवाला मागे सारून त्या स्वतःच चहा सांगू लागल्या.

आणखी एक गंमत तिथेच घडली. 2021 पासून सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये जेवून झाल्यावर आपले ताट आपणच ठरलेल्या जागी नेऊन ठेवावे लागते, नाहीतर दंड होऊ शकतो. घरी पाण्याचा पेलाही न उचलणारा मुलगा पाचही जणांची ताटे तबकात रचून घेऊन निघाला. आजी आणि सूनबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग दोघींची नजरानजर झाली आणि दोघींना एकदमच हसू फुटले. इतक्या वर्षांत त्या दोघी अशा एकत्र क्वचितच हसल्या असतील.

चौथ्या दिवशी वैशाख वद्य एकादशी होती. आजींनी सकाळी केळी आणि शहाळ्याचे पाणी घेतले. त्या दिवशी सर्वांनी चायनाटाऊन पाहायचे ठरवले होते. साऊथ ब्रिज रोडवर 1827 मध्ये स्थापन झालेले श्रीमरिअम्मन मंदिर आहे, सिंगापुरातले सर्वांत जुने हिंदू मंदिर. त्याच रस्त्यावर जवळच जुनी जामे मशीद आणि थोडे पुढे 2007 मध्ये उघडलेले, बुद्धाच्या दंतधातूचे भव्य मंदिर. देवीला हात जोडून आजी पायी पुढे निघाल्या. बुद्धमंदिराजवळच्या गल्लीची पाटी नातीने मोठ्याने वाचली, “सॅगो स्ट्रीट!”

“सॅगो म्हणजे काय गं?”

“आजी, साबुदाणा!”

आजी जागच्या जागी उभ्या राहिल्या. 1840 च्या दशकात या भागात साबुदाण्याचे कारखाने होते, म्हणून गल्लीला हे नाव पडले. आपला साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलमच्या भागात कसावाच्या कंदापासून तयार होतो. मूळचा साबुदाणा मात्र आग्नेय आशियातल्या सागो माडाच्या खोडातल्या गरापासून करतात. जो पदार्थ जन्मभर उपवासाला खाल्ला, त्याचे मूळ घर या मुलखात आहे, याची आजींना गंमत वाटली. “एकादशीला बरोब्बर साबुदाण्याच्या गल्लीत आणून उभं केलंन विठोबानं,” त्या म्हणाल्या.

मग सूनबाईच हट्टाला पेटल्या. दोन-तीन ठिकाणी विचारल्यावर त्यांना ‘सॅगो गुला मेलाका’ मिळाले. शिजवलेला थंडगार साबुदाणा, वर नारळाचे दूध आणि ताडगुळाचा काळसर पाक. त्यांनी एकेक जिन्नस विचारून खात्री करून घेतली. नारळ, गूळ, साबुदाणा, तिन्ही उपवासाला चालणारे. नारळाच्या दुधातल्या चिमूटभर मिठाचा विचार आजींनी विठोबावर सोपवला आणि पहिला चमचा तोंडात घातला. क्षणभर त्यांनी डोळे मिटले. “यांना फार आवडलं असतं,” एवढेच त्या म्हणाल्या. दोन वर्षांत आजोबांचे नाव त्यांनी सहज, न रडता घेतले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

उरलेले दोन दिवस कसे गेले, कळलेही नाही. समुद्राकाठी तोंडातून पाण्याची धार सोडणारा मर्लायन पाहून झाला. ‘गार्डन्स बाय द बे’मधल्या 25 ते 50 मीटर उंचीच्या कृत्रिम वृक्षांची रात्रीची रोषणाई सर्वांनी चक्क जमिनीवर आडवे होऊन पाहिली, आजींनीसुद्धा. यादीतली दोन महागडी ठिकाणे राहून गेली, पण त्याची कुणालाच खंत वाटली नाही.

घरातले वडीलधारे ‘मला भूक नाही’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ दर वेळी भूक नसणे असा नसतो. कधी त्यात पैशांचा हिशेब असतो, कधी संकोच, तर कधी आपण ओझे झालो आहोत ही भीती. ती भीती दूर करायला फार काही लागत नाही. निघण्यापूर्वी उपासतापासाच्या तिथी पाहून ठेवाव्यात, तिथल्या भाषेतला ‘शाकाहारी’ हा एक शब्द शिकून घ्यावा आणि दिवसाची आखणी करताना ज्याचे खाणे सर्वांत अवघड, त्याच्यापासून सुरुवात करावी. एकाच्या पथ्यापायी सर्वांचा प्रवास अडतो असे वाटते खरे, पण त्याच पथ्याचा माग काढत या कुटुंबाला एक चिनी लेक भेटली, जिची आई तिथी पाळते, आणि साबुदाण्याची एक गल्लीही सापडली.

नाशिकच्या त्या घरात आता दर एकादशीला खिचडीबरोबर नारळाच्या दुधातला साबुदाणाही होतो. आणि जेवणे झाली की मुलगा न सांगता ताटे उचलतो. इथे दंडाची भीती नाही, तरीही!