कोर्टाची पायरी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या आजोबांनी हे वाक्य जन्मभर इतक्या वेळा ऐकवलं आहे की, गेल्या वर्षी साक्षीसमन्स घेऊन पोलीस शिपाई दारात उभा राहिला तेव्हा घरात सुतकी शांतता पसरली. "काय केलंस तू?" हा आईचा पहिला प्रश्न. मी काहीच केलं नव्हतं. मी फिर्यादी होतो.

प्रकरण २०२३ च्या दिवाळीतलं. गावाकडे जाणारी एस.टी. लागली, नेहमीसारखी दाराशी झुंबड उडाली आणि पायरीवर पाय ठेवता ठेवता खिसा हलका झाल्याचं माझ्या लक्षात आलं. मी ओरडलो. मागे वळून पाहतो तो चार-पाच जणांनी एका पोराला धरलेलं. मोबाईल जवळच्या खांबाच्या बुंध्याशी पडलेला सापडला. "यानंच फेकला," कुणीतरी म्हणालं. "हाच तो, हाच तो," सगळे म्हणाले. मीही म्हणालो. लोकांनी त्याला बदडलं. त्यातली एक थप्पड माझी होती, हे इथं कबूल करून टाकतो. मग ठाण्यात फिर्याद लिहिली गेली. तिच्यात 'सदर इसमास मी माझ्या खिशातून मोबाईल काढताना पाहिले' असं एक वाक्य आलं. हवालदारांनी फिर्याद वाचून दाखवली आणि मी खाली ऐटीत सही ठोकली.

सापडलेला मोबाईल काही लगेच हातात पडला नाही. तो आता 'मुद्देमाल' झाला होता. कोर्टात अर्ज करून, बंधपत्र लिहून देऊन तो सुपूर्दनाम्यावर मिळाला. अट अशी की विकायचा नाही, बदलायचा नाही, कोर्ट मागेल तेव्हा हजर करायचा. अकरा हजारांचा तो मोबाईल पुढं दोन वर्षं मी सरकारची ठेव असल्यासारखा सांभाळला. मित्रांनी नवे घेतले. माझा मात्र कोर्टाच्या तारखेला बांधलेला.

साक्षीच्या दिवशी सकाळी साडेदहालाच पोचलो. कोर्ट कुठं, असं विचारलं तर निम्मे लोक अजून मामलेदार कचेरीकडे बोट दाखवतात. त्यात त्यांची फारशी चूक नाही. इंग्रजी अमदानीत मामलेदारच सारा गोळा करी आणि मॅजिस्ट्रेट म्हणून शिक्षाही देई. ज्याच्या हाताखाली पोलीस आणि वसुली, त्याच्याच हातात न्याय! मुंबई राज्यानं १९५१ साली कायदा करून ही दोन कामं वेगळी करायला घेतली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं १ एप्रिल १९७४ पासून ही विभागणी देशभर लागू केली. राज्यशास्त्राच्या तासाला घटनेचं कलम ५० मी वहीत उतरवून घेतलं होतं, पाच गुणांची टीप म्हणून. तहसीलदार आजही कार्यकारी दंडाधिकारी असतो; पण चोरीचा खटला त्याच्यापुढं चालत नाही. तो पलीकडच्या कौलारू इमारतीत, उच्च न्यायालयाच्या देखरेखीखालच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढं चालतो.

आमच्या न्यायदंडाधिकारी या तिशीतल्या एक बाई होत्या. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, ही पाटीही त्यांच्याच नावाखाली. म्हणजे बांधाचा वाद त्यांच्याकडे, हेल्मेट न घातल्याचा दंड त्यांच्याकडे आणि माझा मोबाईलही त्यांच्याकडेच. गॅदरिंगला आम्ही तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' बसवलं होतं, त्यात लाकडी हातोडा आपटण्यावर आमची फार मदार होती. इथं हातोडा नव्हता. गीतेवर हात ठेवणंही नव्हतं; ते १९६९ च्या शपथ कायद्यानंतर फक्त सिनेमात उरलं आहे. होता तो पंख्याचा आवाज, टंकलेखनाची टकटक आणि शिपायाचा पुकारा.

पहिली दहा-बारा प्रकरणं झरझर गेली. "गुन्हा कबूल?" "कबूल." दंड. पुढचा. मग दोन पोलिसांनी एका माणसाला आणलं. आदल्या रात्री धरलेला असावा. अटकेपासून २४ तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं केलंच पाहिजे, हे कलम २२ मलाही पाठ होतं. पण पुढं काय होतं ते वहीत नव्हतं. मॅडमनी मान वर केली, पोलिसांना जरा मागं सरायला सांगितलं आणि त्याला विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" माणूस गप्प. त्यांनी पुन्हा, सावकाश विचारलं, "मारहाण झाली का? घरी कळवलंय का?" तो नाही म्हणाला. पहिल्या प्रश्नाला नाही म्हणाला की दुसऱ्याला, ते नीट कळेना. म्हणून त्यांनी तिसऱ्यांदा एकेक प्रश्न सुटा करून विचारला. बोर्डावर त्या दिवशी ८७ प्रकरणं होती. मी बाहेर लावलेला कागद मोजूनच आत आलो होतो.

माझं प्रकरण दुपारवर गेलं. व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई शेजारी येऊन बसल्या. "दादा, तुमची बी तारीख हाय का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मग त्याच बोलत राहिल्या. पोरगं एकोणीस वर्षांचं असताना स्टँडवर धरलं. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार कुणी उभा राहीना. सात-बारा कुठून आणायचा? दोन महिने आत राहिला. आता सेंट्रिंगच्या कामाला जातो, तारखेला आला की रोज बुडतो. समोर पायरीवर बसलेल्या पोराकडं त्यांनी हात केला. मी त्याला ओळखलं नाही. खरोखरच ओळखलं नाही. दोन वर्षं ज्याला मी 'तो चोर' म्हणत होतो, त्याचा चेहरा माझ्याजवळ नव्हताच. मी पाण्याच्या निमित्तानं उठलो.

पैरवीच्या हवालदारांनी फिर्यादीची प्रत हातात दिली. "वाचून घ्या. असंच सांगायचं." मी वाचली. स्वच्छ, सरळ भाषा होती. फक्त ती माझी नव्हती.

पुकारा झाला. खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही, अशी शपथ घेतली. मोबाईल टेबलावर ठेवला; तो माझाच, हे ओळखलं. सरकारी वकिलांनी विचारलं, "पुढं काय झालं?" मी खिसा हलका झाल्याचं सांगितलं, ओरडलो ते सांगितलं, वळलो तेव्हा लोकांनी एकाला धरलं होतं ते सांगितलं आणि थांबलो. ते वाट पाहत होते. मीही वाट पाहत होतो, ते वाक्य तोंडातून येतंय का याची. ते आलं नाही.

वकिलांनी कोर्टाची परवानगी घेतली आणि आपल्याच साक्षीदाराचा, म्हणजे माझा, उलटतपास सुरू केला. यालाच वर्तमानपत्रात 'साक्षीदार फितूर' म्हणतात! सही तुमचीच ना? हो. फिर्याद वाचून दाखवली होती ना? हो. मग आज आरोपीला वाचवण्यासाठी खोटं सांगताय? माझ्या कानशिलांतून घाम निथळत होता. म्हणालो, "तेव्हा मला तसंच वाटलं होतं."

तेव्हा मॅडमनी लेखणी खाली ठेवली. न्यायाधीशाला साक्षीदाराला मध्येच प्रश्न विचारता येतो, हे मला तिथं कळलं. आवाज जराही न चढवता त्यांनी विचारलं, "वाटलं, की पाहिलं?"

वर्गात मी वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेली आहेत. त्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. समोरच्या पिंजऱ्यात तो उभा होता आणि माझ्याकडं न पाहता पंख्याकडं पाहत होता. चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि आमच्या न्यायदंडाधिकाऱ्यांना देता येते तीही तेवढीच. त्या तीन वर्षांतली किती माझ्या एका क्रियापदावर लटकली होती, याचा हिशेब मी त्या क्षणी केला असं म्हणणं खोटं ठरेल. मला फक्त ती थप्पड आठवली.

"वाटलं," मी म्हणालो.

त्यांनी ते शब्द लघुलेखकाला सांगितले. माझी साक्ष मला वाचून दाखवली गेली. या वेळी प्रत्येक वाक्य मी कान देऊन ऐकलं, मग सही केली. ती काही ऐटीत आली नाही. बाहेर आलो तेव्हा त्या बाई बाकावर तशाच होत्या. माझं नाव पुकारलेलं त्यांनी ऐकलं असणारच. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

घरी बाबा म्हणाले, "म्हणजे चोराला सोडून आलास." त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. त्यानंच मोबाईल काढला असेलही. मोबाईल खांबापर्यंत आपण होऊन चालत गेला नव्हता, एवढं नक्की. जामीनदाराअभावी त्यानं आत काढलेले दोन महिने कुठल्या खात्यावर टाकायचे, हे मात्र बाबांनाही सांगता आलं नाही.

दीड महिन्यानं हवालदारांचा फोन आला. पुराव्याअभावी निर्दोष सुटका. मोबाईलवरची अट गेली, आता विकायला हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि वर म्हणाले, "तुमच्यामुळं सुटला बघा."

ते कौतुकानं म्हणाले की टोमणा मारला, मी विचारलं नाही.