पातेल्यातला पांढरा थर



आमच्या चौसाळ्याच्या वाड्यात सात वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली प्रीमियर पद्मिनी मागच्या महिन्यात उघडली. नातवाचा हट्ट. तो म्हणाला, "आजी, याच फियाट ११०० घराण्याच्या इंजिनावर इटलीत सिसितालिया नावाची शर्यतीची गाडी धावायची!" मला कौतुक वेगळंच. ही गाडी बनवणारी कुर्ल्याची प्रीमियर कंपनी १९४४ साली काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरच्या जैन घरातले.

गाडी बंद पडली ती बीडहून येताना मांजरसुंब्याच्या घाटात. वाफा निघाल्या आणि इंजिन जाम झालं. ड्रायव्हरकाका म्हणाले, "वहिनी, काटा वर गेला तसा मी थांबलो." मी विश्वास ठेवला नाही. "दामटलीत तुम्ही गाडी," असं चारचौघांत बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली ओट्यावर ठेवली, ते परत आले नाहीत.

मिस्त्री बीडहून आले. त्यांचं काम बघत मी ओसरीवर बसले. आधी बॅटरी सोडली, पाणी आणि ऑईल काढलं. मग कार्बुरेटर, वरचं झाकण, रॉकर. आठ पुशरॉड त्यांनी पुठ्ठ्याला भोकं पाडून, नंबर घालून ओळीनं खोचले. म्हणाले, "ज्याची जागा त्यालाच. अदलाबदल झाली की पुन्हा कुरकुर." हेडचे नट एकदम सोडले नाहीत. बाहेरून आत, थोडे थोडे सैल केले, नाहीतर हेड वाकतं. मी बी.कॉम. झालेली, मला हे आवडलं. वही तपासतानाही एकेक नोंद जागेवर ठेवूनच पुढं जातात.

हेड उचललं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधलं गॅस्केट जळालेलं. मिस्त्रींनी पाण्याच्या वाटेत स्क्रू-ड्रायव्हर घातला तर पांढरे खपले निघाले. पाणी तापवायच्या पातेल्याला बसतो ना, तसाच थर! वाटा बुजल्या, उष्णता बाहेर जाईना. मिस्त्री म्हणाले, "रेडिएटरला बोअरचं पाणी घालत होतात का?"

मैत्रिणींनो, ते मीच घालायला सांगत होते. काका डिस्टिल वॉटरचा कॅन मागायचे. मी म्हणायची, "दारात बोअर असताना पैसे कशाला?" स्वतः पाणी गाळून, उकळून पिणारी मी, गाडीला मात्र खारं पाणी पाजत होते. खर्च माझ्या वहीत वाचला, नुकसान काकांच्या नावावर लिहिलं.

दरवर्षी संवत्सरीला मी शंभर जणांना मिच्छामि दुक्कडं पाठवते. सात वर्षांत काकांना एकदाही नाही. मोघम क्षमा सोपी असते. ज्याची जागा त्यालाच, हे अवघड.

संवत्सरीची वाट न बघता त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. काय सापडलं ते सांगितलं, हात जोडले. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "इतकी वर्षं मलाच वाटायचं, काटा बघायला उशीर तर झाला नाही ना."

ते ऐकून मला रडू आलं. त्यांनी चहा ठेवायला सांगितला. सूर्य मावळला होता, म्हणून मी घेतला नाही. म्हटलं, "उद्या सकाळी येते."

इंजिन अजून सुटंच आहे. पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं बघायचंय. पण डिस्टिल वॉटरचे दोन कॅन आणून ठेवलेत. पहिली चक्कर काका मारणार, मांजरसुंब्यापर्यंत.